आठवा लागलाय

“ज्या शिक्षणाचं नाव गावाला कळत नाही, त्याचे पैसे गाव देत नाही, शेवंते.”

जामिनाच्या कागदावर सही करण्याआधी सावळाराम गुरुजींनी मला एवढंच बजावलं होतं. आंबवड्याच्या शाळेत, खडूने पांढऱ्या पडलेल्या त्यांच्या टेबलापाशी मी उभी होते. साल एकोणचाळीस, माझं वय अठरा. मला वाटलं, गुरुजींना पुण्याचं वारं ठाऊक नाही. मी म्हटलं, नाव कळायला काय लागतं, मी सांगेन की लोकांना. गुरुजींनी टाक दौतीत बुडवला, झटकला आणि सही केली. त्या सहीचा अर्थ असा होता की मी पैसे फेडले नाहीत तर ते गुरुजींकडून वसूल होतील.

शिक्षणाचं नाव होतं भूगर्भशास्त्र.

माझे वडील आनंदराव भाटघरच्या धरणाच्या दगडखाणीवर मुकादम होते. दगडावर हातोडी मारून ते आवाजावरून सांगत, हा बांधकामाला चालेल, हा दोन पावसाळ्यांत भुगा होईल. मी त्यांच्या मागे मागे फिरून कान तयार केले. पुढे कॉलेजात कळलं की वडील जे कानाने ओळखत त्याला पुस्तकात पानंच्या पानं आहेत. पण ते कळायच्या आधीच, मी मॅट्रिक झाले त्याच वर्षी, वडील गेले. घरात आई आणि हातोडी उरली. म्हणून पुण्याच्या एका विद्यार्थी फंडाकडून परतफेडीची शिष्यवृत्ती घेतली. वर्षाला दोनशे चाळीस, चार वर्षांचे नऊशे साठ. व्याज नाही. पदवीनंतर एक वर्ष सूट, मग महिना पंधरा रुपये.

हिशोब मी तेव्हाच केला होता आणि तो फार देखणा होता. भूगर्भशास्त्राचा पदवीधर सरकारी खात्यात दीडशेवर लागतो, असं आमचे प्राध्यापक सांगत. दीडशेतून पंधरा म्हणजे दहावा हिस्सा. पाच वर्षं चार महिन्यांत कर्ज खलास. फक्त त्या हिशोबात मी पुरुष होते. बी.एस्सी. झाल्यावर एका खात्यात मुलाखतीला गेले, तर साहेबांनी अर्जावरून डोळे वर करून पाहिलं आणि म्हणाले, रानात तंबूत राहावं लागतं, बाई. मी म्हटलं, राहीन. ते म्हणाले, तुम्ही राहाल हो, आम्ही कसं ठेवणार. शेवटी कॉलेजातच प्रयोगशाळेत पन्नास रुपयांवर राहिले. माझ्याबरोबरची, कर्ज न काढता साधी बी.ए. झालेली मैत्रीण तेव्हा शाळेत साठ मिळवत होती.

तरी हप्ते वेळच्या वेळी जात होते. मग लग्न झालं. माझे पती मानसिंग कापूरहोळच्या नाक्यावर कारकून, पगार बत्तीस. सातव्या महिन्यात माझ्या पायांना सूज आली. पुण्याच्या नर्सबाईंनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून येईना. त्यांनी मला निजवलं ते बाळंतपणापर्यंत उठू दिलं नाही. नोकरी तिथेच सुटली. पोरगी सुखरूप झाली, छबू. साठवलेल्या पैशांतून फेब्रुवारीपर्यंतचे हप्ते गेले. सेहेचाळीस सालचा मार्च थकला, एप्रिलही थकणार हे दिसत होतं. फंडाचं पत्र आलं: लागोपाठ तीन हप्ते थकल्यास, म्हणजे मेअखेर पंचेचाळीस रुपये न आल्यास, बाकीची सगळी रक्कम जामीनदाराच्या पेन्शनीतून कापली जाईल. गुरुजी मेमध्येच निवृत्त होत होते.

त्याच आठवड्यात दुसरं पत्र आलं. पुण्याच्या एका मुलींच्या शाळेला शास्त्र शिकवायला बाई हवी होती. पासष्ट रुपये, एक महिन्याचा पगार आगाऊ. राहायचं वसतिगृहात, तिथे तान्हं मूल चालणार नाही. कळवायची मुदत तीस एप्रिल.

म्हणजे गोष्ट सरळ होती. मेअखेरपर्यंत पंचेचाळीस रुपये उभे करायचे, नाहीतर सात महिन्यांची छबू भोरला घरी ठेवून जायचं. मी रात्रंदिवस तिच्याकडे बघत असे. ती शिंकली तरी माझा श्वास अडके. आणि आगाऊ पगाराचा आकडाही डोळ्यांसमोरून हलत नसे.

विहिरींची कल्पना यांची. नाक्यावर रोज दहा गावांची माणसं थांबतात आणि उन्हाळ्यात बोलणं फक्त पाण्याचं. गावोगाव पाणाडे होतेच. नारळ तळहातावर आडवा धरून शेतात चालतात, नारळ उभा राहिला की तिथे खणायचं. हे म्हणाले, नारळाला जर लोक सव्वा रुपया देतात तर बी.एस्सी.ला का देणार नाहीत. त्यांनी फळी रंगवून नाक्यावर टांगली: ‘सौ. शेवंताबाई, बी.एस्सी., भूगर्भ तज्ज्ञ. जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहून मिळेल. आगाऊ पाच रुपये, पाणी लागल्यावर पंचवीस.’ ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती पाटी हे स्वतः वाचून दाखवत.

तीन आठवडे कोणी आलं नाही. मग शिवऱ्याचा एक जण आला, त्याची जुनी विहीर आटली होती. ती पाहून मी काय करायचं ते सांगितलं. तो म्हणाला, पैसे सुगीला. माझ्या सासूबाई, धोंडाबाई, चुलीपाशी बसून म्हणाल्या, सुगीला म्हंजी फंडाला बी तसंच लिव, हप्ता सुगीला. त्यांच्या बोलण्याला धार असे, पण छबूला मांडीवरून उतरवत नसत.

एप्रिलच्या मध्यावर एक म्हातारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायांत धुळीने पांढऱ्या झालेल्या वहाणा. नाव हैबती. वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या पोटाशी सात घरांची वस्ती, शेळ्यामेंढ्या पाळणारी माणसं. दोन दिवस चालून आले होते. मी पाणी दिलं. ते उंबऱ्याबाहेरच बसले.

“पोट बगायला चला, बाई.”

मला काहीच नवल वाटलं नाही. पाटीवर तेच होतं. मी वही घेतली आणि विचारलं, काम कुठवर आलंय.

“आठवा लागलाय.”

आमच्या भागात विहिरीची खोली पुरुषात मोजतात. पुरुष म्हणजे एका माणसाची उंची. आठवा पुरुष लागला म्हणजे चाळीस फुटांच्या वर गेले होते. मी लिहिलं: आठवा चालू.

“आणि पाणी?”

“आजून न्हाई.”

“याच्या आधी एखादी झाली होती?”

ते काठीच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढत राहिले. “येक झालं. वाया गेलं. आठव्यातच.”

मी लिहिलं: पहिली विहीर आठ पुरुषांवर कोरडी. मनात म्हटलं, बिचाऱ्यांनी दोनदा कातळ फोडला. मी म्हटलं, बाबा, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता यायचं नाही. ते म्हणाले, म्हनूनच आलोय, आता तुमीच सांगा फुडं काय करायचं. कनवटीला बांधलेले पाच रुपये, सगळी चिल्लर, त्यांनी उंबऱ्यावर मांडले. मी ते मोजून डब्यात टाकले. पंचेचाळीसातले पाच. आतून सासूबाईंनी ऐकलं होतं. पुढे त्या म्हणाल्या, मला बी विहीरच वाटली की.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. छबू अंगावर पिणारी, म्हणून ती आलीच, आणि तिला धरायला सासूबाई. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार कापूरहोळवरून नसरापूरला गेली. चढावर उतारूंना उतरवून ती पुढे जाई आणि आम्ही मागून. तिथून बैलगाडीने वेल्ह्याला मुक्काम. सकाळी चढण. हैबतीबाबा पुढे चालत होते आणि दर वळणावर थांबून छबूच्या डोक्यावरचं फडकं नीट आहे का ते बघत होते. मला ते चमत्कारिक वाटलं. विहिरीच्या कामाला आलेल्या बाईच्या पोराची एवढी काळजी हा माणूस का करतो, ते कळेना.

वस्तीवर बायका वाटच पाहत होत्या. पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. मी पिशवीतून हातोडी काढली तशा दोघी जणी मागे सरल्या. मी विचारलं, विहीर कुठे आहे.

“विहीर?” एक म्हातारी म्हणाली. “विहीर असती तर बनीनं तासभराच्या वाटंनं घागरी कशाला वढल्या असत्या?”

आणि तिने एका खोपटाच्या दारातला पडदा बाजूला केला. आत अंधारात एक विशीची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. पोट गुडघ्यांपर्यंत आलेलं.

मी हैबतीबाबांकडे पाहिलं. ते तोंड फिरवून डोंगराकडे बघत होते. मग माझ्या ध्यानात आलं. ती त्यांची सून, बनाबाई. मुलगा कळप घेऊन घाटाखाली गेलेला. सुनेच्या गरोदरपणाबद्दल सासरा परक्या बाईशी उघड कसा बोलणार? त्यांनी एकदाही सून म्हटलं नव्हतं, पोर म्हटलं नव्हतं, दिवस म्हटलं नव्हतं. नाक्यावरून वेल्ह्यापर्यंत पाटी तोंडोतोंडी गेली होती आणि वाटेत जमीन गळून पडली होती. उरली होती ती पोटातलं ओळखणारी शिकलेली बाई. भूगर्भातला भू कोणी ऐकलाच नव्हता.

माझ्यामागे सासूबाईंना हसू फुटलं. तोंडाला पदर लावून त्या हसल्या, छबूही त्यांच्याबरोबर हिंदकळत हसली. मला मात्र वहीतलं वाक्य आठवलं. पहिली विहीर आठ पुरुषांवर कोरडी. हसणं माझ्याने झालं नाही.

खरं तर तिथेच सांगून टाकायला हवं होतं की मी ती नव्हे, पैसे परत घ्या. मी सांगायला तोंड उघडलं आणि बनाबाईने पाय पुढे घेतले. तिच्या पायांत जोडव्यांच्या जागी नुसत्या खुणा होत्या. जोडवी काढून ठेवावी लागली होती. मी खाली बसले आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. मी वाट पाहिली. माझ्यामागे सासूबाईंचं हसणं थांबलं, कारण असाच खळगा त्यांनी सात महिन्यांपूर्वी पाहिला होता. तो भरून आला नाही.

डोकं दुखतं का, विचारलं. म्हणाली, चार रोज झालं, ठणकतंय. डोळ्यांपुढे काही दिसतं का. ती माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, काजवं दिसत्यात, तुमास्नी कसं कळलं.

मी बाहेर आले.

“हैबतीबाबा, मी सुईण नाही. मी दगडामातीचं शिकले. तुमची माझी गफलत झाली. पण ही सूज मला स्वतःला आली होती. हिला आज खाली न्यायला हवं, भोरच्या दवाखान्यात. उद्या नव्हे.”

“पोट तर बगितलंच न्हाई तुमी.”

“पाय बघितले.”

त्यांनी खोपटाच्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, पहिल्या वक्ताला बी अशीच फुगली व्हती, आमी म्हनलं, चांगलं अंग धरलंय. आणि ते उठून घोंगडी आणि बांबू आणायला गेले.

डोली बांधायला तासभर लागला. त्या तासात माझं काही काम नव्हतं. छबूला पाजत मी खोपटाच्या सावलीत बसले. भिंतीच्या खालच्या भागाला वीतभर लाल पट्टा होता, गेरूचा, ओला असल्यासारखा गडद. मी म्हातारीला विचारलं, गेरू बाजारातून आणता का. ती म्हणाली, ह्यो का, घरामागं तर खान हाय, हवा तितका घ्या. किती लांब? तिने हात केला. ढेंग दोनशे असेल.

मी छबूला सासूबाईंकडे दिलं आणि गेले. डोंगराच्या अंगात बायकांनी खरवडून केलेली कपार होती. वर भेगाळलेला काळा दगड, खाली हातभर जाडीचा लाल थर. एप्रिल महिना, सगळं रान भाजून निघालेलं, आणि त्या लाल थराच्या माथ्यावर गांधीलमाश्या बसत होत्या. गांधीलमाशी कोरड्यावर बसत नाही. मी बोट लावलं. ओल होती.

हे मला पुस्तकाने शिकवलं होतं. आपला सह्याद्री म्हणजे एकावर एक थापलेले थर. दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे हा लाल मातीचा थर दाबला गेलेला असतो. वरच्या दगडाच्या भेगांतून झिरपत आलेलं पाणी त्या लाल थरावर अडतं, कारण तो भिजला की चिक्कण होतो. बनाबाई जिथून घागरी आणायची तो झरा मी वाटेत पाहिला होता, तोही अशाच लाल पट्ट्यावर होता, याच उंचीला. पट्टा डोंगराच्या अंगात किंचित वस्तीच्या बाजूला कलला होता. म्हणजे पाण्याची चाल घरांकडेच होती. मी वडिलांची हातोडी चार ठिकाणी मारली. एके जागी आवाज बसका आला.

त्या जागेवर दगड रचला आणि हैबतीबाबांना बोलावलं.

“माझं शास्त्र हे. इथं खणा. चार पुरुषांच्या आत लाल गेरू लागेल. तो लागला की थांबायचं. पाणी दिसलं नाही तरी थांबायचं. गेरू फोडलात तर खाली भोक पडल्यासारखं होईल, पाणी निघून जाईल.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. म्हणाले, आधी वरचं पोट निस्तरू, मग खालचं.

खाली उतरताना डोलीला चार खांदेकरी होते आणि मी बनाबाईच्या उशाशी. वेल्ह्याला गाडीवाल्याने जास्तीचे मागितले, नसरापूरला मोटारवाल्याने. डब्यात टाकलेले पाच रुपये मी येताना पदरात बांधून आणले होते. ते तिथेच संपले. सासूबाई म्हणाल्या, झालं, फंडाच्या हप्त्यावर बाळंतीण बसून निघाली. पण मोटारीत त्यांनी बनाबाईचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं आणि छबू माझ्याकडे होती.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला बघितलं आणि मला विचारलं, कोणी ओळखलं. मी म्हटलं, चुकून ओळखलं गेलं. तिला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवलं, मीठ बंद केलं.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुलींच्या शाळेला पत्र लिहिलं की मी येऊ शकत नाही. डब्यात त्या दिवशी एक पैसा नव्हता. तरी पत्र त्याच दिवशी पेटीत टाकलं. छबूसाठी नाही म्हणत होते हे तर होतंच, पण नुसतं तेवढं असतं तर मी रडत लिहिलं असतं. मी तो लाल पट्टा पाहिला होता. चार वर्षांच्या कर्जाने मला जे डोळे दिले होते त्यांनी तो पाहिला होता, आणि तो तिथे होताच.

सासूबाईंनी विचारलं, पाणी न्हाई लागलं तर? मी म्हटलं, लागेल. त्या म्हणाल्या, पाणाड्या बी असंच म्हनतो. मी म्हटलं, पाणाड्या कुठे थांबायचं ते सांगतो का?

मेच्या पहिल्या आठवड्यात सावळाराम गुरुजी आले. फंडाची नोटीस त्यांनाही गेली होती. ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला, छबूला काखेत घेऊन बघितलं, नोटिशीचं नावही काढलं नाही. शेवटी मीच काढलं. म्हटलं, गुरुजी, मेअखेर काही झालं नाही तर तुमच्या पेन्शनीवर येईल.

“ते मी सही करतानाच धरलं होतं,” ते म्हणाले. “मला एवढंच सांग, गावाला नाव कळलं का?”

“चुकीचं कळलं.” आणि मी सगळी हकिकत सांगितली.

गुरुजी इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. मग चष्मा पुसत म्हणाले, “कळलं तर खरं. चुकीचं दुरुस्त करता येतं, शेवंते. मुळात काहीच कळलं नसतं तर काय दुरुस्त केलं असतंस?”

हे फळी खाली काढून नवीन रंगवायला निघाले होते. मी म्हटलं, आत्ता नको, राहू दे.

सतरा मेला बनाबाईला मुलगी झाली. एवढीशी, मांजराच्या पिलासारखी, पण रडली. हैबतीबाबा दवाखान्यात आले नाहीत. वस्तीवर खणणं चालू होतं. निरोप येत: एक पुरुष झाला, मुरूम आहे. दोन झाले, दगड लागला. मग दहा दिवस निरोपच नाही. मे संपायला चार दिवस राहिले. शिवऱ्याच्या माणसाकडे हे स्वतः गेले. त्याची विहीर माझ्या सांगण्याप्रमाणे आडवी खणल्यावर झिरपू लागली होती. सुगीचं बोलला होता, तरी त्याने आठ रुपये काढले. सासूबाईंनी तूप विकून जमवलेले बारा रुपये माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, “हे बी परतफेडीचंच हाय बरं का. बिनव्याजी. जामीन माझी नात.”

वीस झाले. पंचवीस कमी.

तीस तारखेला सकाळी हैबतीबाबा आले. या वेळी उंबऱ्याच्या आत येऊन बसले. त्यांनी हकिकत सांगितली ती अशी. साडेतीन पुरुषांवर गेरू लागला. लालभडक, आणि कोरडा. खणणारे म्हणाले, आणखी एक पुरुष जाऊ, आता सोडायचं कशाला. एक जण म्हणाला, बाई सुईण बी न्हाई आणि पाणाडी बी न्हाई, तिचं काय ऐकायचं. हैबतीबाबांनी पहार काढून घेतली आणि सगळ्यांना वर बोलावलं.

“म्या म्हनलं, तिनं बनीचं पोट न बगता सांगितलं. जमिनीचं तर बगून सांगितलंय. थांबा.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना वाकून पाहिलं तर तळाशी आभाळ दिसलं. दुपारपर्यंत पाणी कंबरेला आलं.

त्यांनी पंचवीस रुपये मोजून ठेवले. सात घरांचे होते, त्यात बनाबाईच्या चांदीच्या जोडव्यांचेही होते. सूज उतरल्यावर ती तिच्या बोटांत पुन्हा बसत होती, तरी तिने विकायला दिली होती. मला ते कळलं ते नंतर, नाहीतर मी घेतले नसते. यांनी त्याच दिवशी नाक्यावरून पुण्याच्या मोटारीत बसून पंचेचाळीस रुपये फंडात भरले आणि पावती आणली. पावती मी गुरुजींकडे आंबवड्याला पाठवली.

आता अठ्ठेचाळीसचा ऑगस्ट चालू आहे. भोर संस्थान विलीन झालं, हप्ता मात्र विलीन झाला नाही. पण एकही चुकला नाही. तेरा राहिलेत. कॉलेजातल्या मुली मला पत्रं पाठवून विचारतात, कर्ज काढून हे शास्त्र घ्यावं का. मी त्यांना खोटं सांगत नाही. पहिल्या वर्षात मी चौदा जागा सांगितल्या, अकरांना पाणी लागलं. वाटखर्च वजा जाता महिन्याला सरासरी तेवीस-चोवीस रुपये पडले. शाळेतल्या बाईला पासष्ट होते. तीन जागा कोरड्या गेल्या आणि त्या तीन गावांतून मी मान खाली घालून आले. दुसऱ्या वर्षी शाळेशी बरोबरी झाली. या वर्षी लोकल बोर्डाने विहिरींच्या पाहणीसाठी महिना ऐंशीवर घेतलं आहे, आणि छबू माझ्याबरोबर रानोमाळ फिरून गेरू खाते. घ्यायचं तर घ्या, मी लिहिते, पण पहिली तीन-चार वर्षं दुबळी जातील असं धरूनच घ्या, आणि जामीन राहणाऱ्याचं म्हातारपण आधी मोजा. एवढं धरूनही हिशोब जमतो.

नाक्यावर फळी अजून तीच आहे. अजूनही वर्षाकाठी दोन-तीन गरोदर बायका येतात. मी त्यांचे पाय बघते आणि दवाखान्याची वाट दाखवते. त्याचे पैसे घेत नाही, ते माझं शास्त्र नव्हे.

एक काम मात्र हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कोणाला सांगायचं आहे. बनाबाईला पुन्हा दिवस गेले आहेत. तिच्या सासऱ्याचा निरोप जुलैत आला, तो तसाच झाकलेला: सातवा लागलाय, पाणी भरपूर हाय. विहिरीचं म्हणत असतील तर ठीक. पण या वेळी मी वहीत काही लिहून घेतलेलं नाही. पावसाने वाट निसरडी झाली आहे आणि माझेही दिवस भरत आल्यामुळे मला चढण चढू देत नाहीत. तुम्ही कोणी वेल्ह्याच्या बाजूला जाणार असाल तर वरच्या वस्तीवर जा. विहीर विचारलीत की घर सापडेल. ती म्हणेल मी बरी आहे, चहा देईल, पोरगी दाखवील. तिचं ऐकू नका. बोटांत जोडवी आहेत का बघा, नवीन केली आहेत तिने. आणि नडगीवर अंगठा दाबून, तो खळगा भरून येतो का, तेवढं बघून मला कळवा.